गिरणगावच्या आठवणी नोंदवताना

(गिरणगावातील वृद्ध कामगारांच्या जीवनकथा ध्वनिमुद्रित करण्याच्या उपक्रमास आरंभ करण्यापूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवक विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



तुमच्या प्राध्यापकांनी मला येथे बोलावले तेव्हा “मुलांना मुलाखत कशी घ्यावी ते सांगा,” एवढीच त्यांची अपेक्षा होती. मुलाखत कशी घ्यावी याचे शास्त्र मी रीतसर शिकलेलो नाही. ती कशी घेऊ नये, हे मात्र स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. ती चूक मी पुढे सांगणारच आहे.

प्रथम एक साधा हिशेब मांडू या. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्या दिवशी पंचवीस वर्षांचा असलेला कामगार १९५७ च्या सुमारास जन्मलेला. म्हणजे आज तो सत्तरीला टेकला आहे. त्या वेळी ज्यांनी चाळिशी ओलांडली होती, ते आज पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन मुंबईत उतरलेली जी पिढी, तिच्यातील माणसे आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. ज्या कामासाठी आपण येथे जमलो आहोत, ते पुढच्या वर्षावर टाकता येण्यासारखे नाही, हे या हिशेबावरूनच ध्यानात येईल.

ही माणसे मुंबईत का आली, याचे पुस्तकी उत्तर तुम्हांला ठाऊक आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी उभारली आणि १८५६ साली ताडदेवला मुंबईतील पहिली कापड गिरणी सुरू झाली. त्यानंतर परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. त्यांना लागणारे हात प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून आले. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात आला. तो वेगळा झाला १९८१ साली. सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर या घाटावरच्या जिल्ह्यांतूनही माणसे आली. उत्तर प्रदेशातील विणकर आले, तेलंगणातील पद्मशाली आले. तेव्हा गिरणगाव हे केवळ मराठी माणसांचेच होते अशी समजूत करून घेऊन मुलाखतींना निघू नका. वरळीच्या एखाद्या चाळीत तेलुगू बोलणारे आजोबा भेटले, तर त्यांच्याही दारावर थाप मारा.

खाचरांची कमी जमीन, वाढते कुटुंब, सावकाराचे देणे, एकच पावसाळी पीक ही कारणे प्रत्येक पुस्तकात सापडतात. त्या कारणांनी जिल्हा गाव सोडतो. एक विशिष्ट मुलगा एका विशिष्ट सकाळी उंबरठा ओलांडतो, तो कशाने, हे मात्र त्यालाच विचारावे लागते. माझे वडील संगमेश्वर तालुक्यातून १९४८ साली आले. साचे खात्यात, म्हणजे मागावर, त्यांनी पस्तीस वर्षे काढली. त्यांचा तिकीट नंबर मला आजही पाठ आहे. पण ते कोणत्या बंदरावर बोटीत चढले, बरोबर कोण होते, बंदरापर्यंत चालत किती वेळ लागला, आजीने शिदोरीला काय बांधून दिले होते, यांपैकी एकही गोष्ट मला सांगता येणार नाही. १९९६ साली ते गेले. एका घरात तेहेतीस वर्षे राहूनही मी त्यांना हे विचारले नाही, आणि त्यांनीही ते सांगण्याजोगे मानले नाही.

आता माझी चूक सांगतो. १९८३ साली मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होतो. संप सुरू होऊन वर्ष उलटून गेले होते. आमच्या एका सरांकडे कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता, तो मागून घेऊन मी काळाचौकीच्या एका चाळीत खानावळ चालवणाऱ्या बाईंकडे गेलो. बाई पाटण तालुक्यातल्या. माझ्या वहीत बारा प्रश्न लिहून नेले होते, आणि ते सारे संपाविषयी होते. “संपाबद्दल आपले मत काय?” या पहिल्याच प्रश्नाला त्या म्हणाल्या, “मत कसलं? बावीस ताटं होती, ती पाचावर आली.” त्यानंतर बाई स्वतःच बोलू लागल्या. पहाटे किती वाजता शेगडी पेटवायची, पहिल्या पाळीचे डबे कसे भरायचे, कोणाला भाकरी पातळ लागे, कोणाला तिखट चालत नसे, आणि लिहितावाचता येत नसल्याने ताटांचा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून कसा ठेवायचा, हे त्या सांगू लागल्या.

मला वाटले, हा विषय सोडून बोलणे झाले. कॅसेट साठ मिनिटांची होती आणि दुसरी विकत घेण्याची ऐपत नव्हती. मी बटण दाबून टेप बंद केला. बाई पुन्हा संपाकडे वळल्या की सुरू करी. असे दोनदा झाले. पुढे काही वर्षांनी त्या कोळशाच्या रेघांची आठवण होऊन मी पुन्हा त्या चाळीत गेलो, तर खोली विकली गेली होती. बाई गावी गेल्याचे कोणी सांगितले. गावी चौकशी केली, तेव्हा त्या वारल्याचे कळले. ती कॅसेट माझ्याकडे आजही आहे. तिच्यावर बटणाचे आवाज दोन ठिकाणी स्वच्छ ऐकू येतात. उरलेल्या भागात त्यांच्यापेक्षा मीच अधिक बोललो आहे.

संपाची तारीख, मागण्या, नेत्यांची भाषणे हे सारे वर्तमानपत्रांत, विधिमंडळाच्या कामकाजात, ग्रंथालयांत जतन झालेले आहे. बावीस ताटांचा हिशेब मात्र कोणत्याही कागदावर नव्हता. तो भिंतीवर होता, आणि त्या भिंतीवर पुढे चुना फिरला. तुमच्या हातातील मोबाइलवर तासन् तास ध्वनिमुद्रण होऊ शकते. मला कॅसेटची जी सबब होती, ती तुम्हांला नाही. बोलणारा विषय सोडून चालला असे वाटेल, तेव्हा तर मुळीच थांबवू नका.

खानावळीचा विषय निघालाच आहे तर त्याविषयी थोडे अधिक बोलतो, कारण गिरणगावाचा संसार समजून घ्यायला त्याहून चांगली वाट नाही. गिरणीत येणारा पुरुष बहुधा एकटा येई. बायको, मुले, आईवडील गावी राहत. खोली म्हणावी तर दहा बाय बाराची, आणि तिच्यात वीस-वीस माणसे. ती मावत कशी, असा प्रश्न पडेल. पाळ्यांमुळे ती मावत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर अंग टाकी. उरलेले गॅलरीत, जिन्यात, उन्हाळ्यात फुटपाथवर झोपत. प्रत्येकाची मालकी एका ट्रंकेपुरती. अशा खोलीत चूल मांडणे शक्य नव्हते, म्हणून जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई कोणा कामगाराची पत्नी असे, पुष्कळदा विधवा असे. ती महिनाभर उधारीवर जेवू घाली, स्वतः वाण्याकडून उधारीवर धान्य आणी, आणि पगाराच्या दिवसाची वाट पाही. गिरणी बंद पडली की साखळीतील पहिला ताण तिच्यावर येई. या स्त्रियांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि बँकेची कर्जे त्यांच्यापर्यंत पोहोचवली. ही गोष्ट नोंदलेली आहे. परंतु त्या आधीची पन्नास-साठ वर्षे या स्त्रिया कशा तगल्या, हे त्यांच्या लेकीसुनांकडूनच आता कळू शकेल.

गावकीच्या खोल्यांचेही तसेच आहे. एकेका गावाने वर्गणी काढून मुंबईत खोली घेतलेली असे. गावाहून येणारा नवखा मुलगा प्रथम तेथे उतरे. नोकरी लागेपर्यंत त्याला तेथे थारा मिळे, आणि तीही बहुधा गावच्याच कोणा जॉबरच्या ओळखीने लागे. गोव्यातून येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांनी धोबीतलाव आणि आसपासच्या भागांत आपापल्या गावांचे ‘कूड’ याच धर्तीवर चालवले. अशा खोल्यांतून वर्गणीच्या वह्या असत. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, पालखीचा खर्च, मृताच्या घरी पाठवायची मदत, सारे त्यांत लिहिलेले असे. मुलाखतीला जाल तेव्हा “अशी वही तुमच्याकडे आहे का?” हा प्रश्न अवश्य विचारा. असेल तर पानांची छायाचित्रे घ्या आणि वही तेथेच ठेवा. घरी नेऊन परत आणून देण्याच्या गोष्टी करू नका. त्या वह्या परत जात नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आता आठवणींच्या खरेखोटेपणाविषयी. तुमच्यापैकी कोणीतरी लवकरच माझ्याकडे तक्रार घेऊन येईल की, आजोबांनी साल चुकीचे सांगितले. म्हाताऱ्या माणसाला साल विचारूच नये. त्याला खुणा विचाराव्यात. ‘रामदास’ बोट बुडाली तेव्हा तुम्ही गावी होता की मुंबईत? ती बोट १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या त्या पिढीचा मनुष्य हे विसरणे शक्य नाही. पाटणकडच्या माणसाला कोयनेचा भूकंप विचारा, तो ११ डिसेंबर १९६७ चा. घाटावरच्यांना १९७२ चा दुष्काळ विचारा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबार झाला तेव्हा तुम्ही कोणत्या खात्यात होता, हे विचारा. अशा खुणांना धरून माणसाचे आयुष्य बऱ्यापैकी अचूक मांडता येते.

तरीही चूक राहिली तर ती दुरुस्त करून छापू नका. बाजूला टीप द्या. याविषयी एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. इटलीत तेर्नी नावाचे पोलादाच्या कारखान्यांचे शहर आहे. तेथे लुइजी ट्रास्तुली नावाचा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. नाटो कराराच्या निषेधाचा तो मोर्चा होता. पुढे आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तेथील वृद्ध कामगारांच्या आठवणी नोंदवल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू चार वर्षे पुढे नेला आणि १९५३ च्या कामगार कपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. पोर्तेल्ली यांनी ही चूक टाकून दिली नाही. हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, ती जखम त्या शहराला मोठी होती. आपला तरुण आपल्या भाकरीच्या लढ्यात पडला असे लोकांच्या मनाने जुळवून घेतले होते. तारीख चुकली होती, परंतु त्या चुकीतून कामगारांचे दुःख कशात होते हे कळले. आपल्याकडेही १९७४ चा संप आणि १९८२ चा संप एकमेकांत मिसळून सांगणारे कामगार तुम्हांला भेटतील. कोणता भाग कोठून कोठे सरकला, याकडे लक्ष ठेवा.

१९८२ च्या संपाविषयी बोलताना मात्र फार जपून राहावे लागेल. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. एकेका घरात तो वेगवेगळ्या दिवशी संपला. कोणी सहा महिन्यांनी कामावर परतला, कोणी दीड वर्षाने, कोणी कधीच परतला नाही. जो आधी परतला, त्याच्याशी शेजाऱ्याने वर्षानुवर्षे बोलणे टाकले, अशी उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. क्वचित दोन सख्ख्या भावांत हे झाले. तुम्ही ज्यांच्यासमोर बसाल, ते कोणत्या बाजूला होते हे तुम्हांला आधी ठाऊक नसेल. “तुम्ही संप का मोडला?” असा प्रश्न पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्याच्या सुनेसमोर विचारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. “त्या दिवसांत घर कसे चालले?” एवढे विचारा. ज्याला सांगायचे असेल तो उरलेले आपण होऊन सांगेल.

दुसरा एक विषयही असाच नाजूक आहे, पण तो टाळू नये. गिरणीत कोणाला कोणते खाते मिळे, हे जातीवर ठरत असे. धोट्यात नवी कांडी घातल्यावर सूत तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. सवर्ण विणकर ज्या धोट्याला तोंड लावीत त्याला अस्पृश्य मानलेल्या कामगाराचे तोंड लागू नये, म्हणून दलित कामगारांना अधिक पगाराच्या साचे खात्यापासून दूर ठेवले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अन्यायाकडे कामगार चळवळीचे लक्ष वेधले होते. माझे वडील साचे खात्यात होते, हे मी मघाशी अभिमानाने सांगितले. त्या खात्याचे दार कोणासाठी बंद होते, हे मला पुस्तकात वाचावे लागले. घरात त्याविषयी कधी कोणी बोलले नाही. तेव्हा पाणी कोठे प्यायचात, डबा कोणाबरोबर खायचात, राहायला कोणत्या चाळीत होता, हे प्रश्न सर्वांनाच विचारा. केवळ दलित कामगारांनाच विचारले, तर अर्धीच हकिगत हाती येईल.

स्त्रियांविषयी वेगळे सांगायला हवे. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत हजारो स्त्रिया होत्या. पुढे त्यांची संख्या घटत गेली आणि त्यांची आठवणही पुसट झाली. पुरुषाची मुलाखत घेताना घरातली बाई चहा ठेवून दाराशी उभी राहते आणि मधूनच, “नाही हो, त्या वर्षी नव्हतं ते,” असे म्हणते. तिला खुर्ची द्या. तिचे नाव वेगळे लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी केवळ तिच्यासाठी जा.

ज्या मुंबईला आल्याच नाहीत, त्या स्त्रियांचे काय? मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली चार ओळी लिहायची जागा असे. नवऱ्याची महिन्याची खुशाली तेवढ्या जागेत यायची. तीही दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली आणि पोस्टमनकडून वाचून घेतलेली. लावणी, कापणी, सासूसासऱ्यांचे आजार, मुलांच्या शाळा हे सारे तिने एकटीने निभावले. गणपतीत, शिमग्यात तो येई. सुटी संपली की जाई. गिरणीचे कापड मुंबईत विणले गेले खरे, पण विणणाऱ्याचे घर तिने उभे ठेवले होते. माझी आई अशी बावीस वर्षे गावी राहिली. आपल्याकडील अशा स्त्रियांचे मन थोडेफार नोंदले गेले ते जात्यावरच्या ओव्यांत. हेमा राइरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामाची पद्धत तुम्ही अवश्य अभ्यासा, कारण ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही त्यांनी जपले.

संपानंतर कितीतरी कामगार कायमचे गावी परतले. म्हणून हा उपक्रम लालबाग-परळपुरता ठेवून भागणार नाही. मे महिन्यात तुमच्यापैकी अनेकजण गावी जाल. पाटण, संगमेश्वर, राजापूर, आजरा, चंदगड या बाजूंना घराच्या पडवीत बसलेल्या एखाद्या आजोबांना “तुम्ही कोणत्या गिरणीत?” एवढे विचारून पाहा.

आता एक गोष्ट बजावून सांगतो. तुम्ही वही आणि मोबाइल घेऊन चाळीत शिरलात की पहिली अपेक्षा निर्माण होईल ती घराची. गिरण्यांच्या जमिनीवरील घरांसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहणारे कामगार आणि त्यांचे वारस आहेत. त्यासाठी जपलेली जुनी कागदपत्रे, तिकीट, हजेरीचे कार्ड, फंडाची पावती, प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते तुमच्यासमोर काढतील. तुम्ही सरकारकडून आलात, तुमच्या नोंदीमुळे यादीत नाव येईल, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. ते तसे मानतात म्हणून अधिक मोकळेपणाने बोलतील, हेही खरे. पण अशा समजुतीवर मिळालेली मुलाखत आपल्याला नको. आपण विद्यार्थी आहोत, या कामाचा घराशी काहीही संबंध नाही, हे दारातच सांगा. आत जाऊन बसल्यावर पुन्हा सांगा. मग कोणी “तर मग कशाला बोलायचं?” असे म्हणाले, तर त्यांचे म्हणणे रास्त आहे. नमस्कार करून परत या.

जे बोलतील, त्यांची संमती घ्या. कागदावर सही हवी, पण त्याआधी तो कागद मोठ्याने वाचून दाखवा. मुलाखत कोठे ठेवली जाईल, कोण ऐकेल, नाव घालायचे की नाही, कोणता भाग वगळायचा, हे त्यांनी ठरवायचे. दोन दिवसांनी कोणी “ते भावाचं बोललो ते काढून टाक बाळा,” असे सांगितले तर काढून टाका. तो भाग कितीही चांगला असला तरी. मुद्रणाची एक प्रत त्या घरी पोहोचलीच पाहिजे. ऐकण्याचे साधन नसेल तर नातवंडांच्या मोबाइलमध्ये घालून द्या आणि एकदा लावून ऐकवा.

भाषेविषयी एवढेच की, ती सुधारू नका. मालवणी, संगमेश्वरी, साताऱ्याकडची बोली, मुंबईची हिंदी, जशी येईल तशी उतरवा. गिरणीतले शब्द पुन्हा विचारून घ्या. ‘त्रासन खाते’ हा शब्द माझ्या वडिलांच्या तोंडी नेहमी असे. तो इंग्रजीतील ‘थ्रॉसल’वरून आला, हे मला पुष्कळ उशिरा कळले. अशा शब्दांची एक वेगळी वही प्रत्येक गटाने ठेवावी. शब्द, तो कोणी सांगितला आणि ज्या वस्तूचा असेल तिचे साधे रेखाचित्र.

हे काम आपणच प्रथम करत आहोत, असे मात्र कोणी समजू नये. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी शंभर आवाजांतून गिरणगावाचा इतिहास सांगणारा ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध केला. तो सर्वांनी वाचावा. त्यांना भेटलेली कितीतरी माणसे आज नाहीत. त्यांच्या मुलांशी, सुनांशी बोलण्याचे काम शिल्लक आहे.

व्यवहाराच्या दोन-तीन सूचना. दोघांच्या जोडीने जा. एकाने बोलावे, दुसऱ्याने यंत्राकडे आणि वहीकडे पाहावे. दुपारी तीन ते पाच ही वेळ बरी. टीव्ही बंद करण्याची विनंती करायला संकोचू नका, पंखा मात्र चालू राहू द्या, त्यांचा जीव घाबरा होतो. तासाभरापेक्षा अधिक बसू नका. उठताना पुढची वेळ ठरवून उठा. आणि कोणी बोलता बोलता गप्प झाले, तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. मनात वीस अंक मोजा. मी १९८३ साली पाचपर्यंतही मोजले नव्हते.

पहिली मुलाखत कोणाची घ्यायची, याची यादी प्राध्यापकांनी केली आहे. ती मी पाहिली. तिच्यात एक बदल सुचवतो. ज्यांच्या स्वतःच्या घरी आजी किंवा आजोबा आहेत, त्यांनी सुरुवात तेथून करावी, आणि जोडीदार म्हणून दुसऱ्या घरातला मित्र किंवा मैत्रीण बरोबर न्यावी. घरच्या माणसाला आपण ऐकलेल्याच गोष्टी पुन्हा विचारतो, परका मात्र नवे विचारतो. असे किती जण आहेत? हात वर करा. ठीक. चौदा. तुम्ही चहानंतर माझ्याकडे थांबा, जोड्या आत्ताच लावून घेऊ.